ड्रायव्हरचा परकायाप्रवेश

२००५ सालच्या पावसाळ्यात पुण्यात एका भाड्याच्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो. तिघांत मिळून एक जुना लॅपटॉप होता आणि त्याच्या बाजूच्या खाचेत बसणारं एक वायरलेस कार्ड. खालच्या मजल्यावर घरमालकांच्या मुलाने नवा राऊटर बसवला होता. महिन्याच्या बिलात वाटा उचलायच्या बोलीवर त्याने आम्हाला पासवर्ड दिला होता. विंडोज सुरू केलं की कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. लिनक्स सुरू केलं की तो विझलेला. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी ते लिनक्स मोठ्या हौसेने बसवलं होतं. आवाज येत होता, देवनागरी अक्षरं उमटत होती, छपाई होत होती. फक्त तो दिवा लागत नव्हता, आणि तो लागला नाही तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

वरच्या वर्गातला एक मित्र आला. त्याने कार्डासोबत मिळालेली सीडी मागून घेतली आणि म्हणाला, "यातल्या दोन फाइली काढ. एक आयएनएफ, एक एसवायएस."

"अरे, पण त्या विंडोजच्या आहेत."

"म्हणूनच तर काढ म्हणतोय."

त्याने चार ओळी टाइप केल्या. शेवटची ओळ संपून दोन-तीन सेकंद गेले आणि दिवा लागला.

दोघं खूश होऊन मेल बघायला बसले. मी मात्र त्या दोन फाइलींतच अडकलो. विंडोज एक्सपीसाठी बनवलेला, बंद डब्यासारखा, आत काय आहे ते कुणालाही वाचता येऊ नये म्हणून सोर्स कोडशिवाय दिलेला प्रोग्रॅम लिनक्सच्या पोटात, थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालत होता. हे कसं शक्य आहे, हे त्या मित्रालाही सांगता आलं नाही. उत्तर नीट कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. ते उत्तर म्हणजे हे पुस्तक.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्यामागचं काम सहसा पाहत नाही. नेटवर्क कार्ड म्हणजे एक चिप. तिच्यात शेकडो लहान कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा लिहिला की रेडिओ सुरू होतो, दुसऱ्यात दुसरा लिहिला की वाहिनी बदलते. पॅकेट आलं की चिप प्रोसेसरला हाक मारते, तिला इंटरप्ट म्हणतात. मग आलेला मजकूर मेमरीत कुठे ठेवायचा, पुढचा कुठे घ्यायचा, हाक ऐकली हे चिपला कसं कळवायचं, या सगळ्याचा एक ठरलेला क्रम असतो. तो क्रम ज्याला पाठ आहे असा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्याचं एक तोंड चिपकडे असतं आणि दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमकडे. चिपकडचं तोंड सगळीकडे सारखंच. ऑपरेटिंग सिस्टिमकडचं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून विंडोजचा ड्रायव्हर वेगळा, लिनक्सचा वेगळा, फ्रीबीएसडीचा वेगळा.

वायरच्या जमान्यात याचा फारसा त्रास नव्हता. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करताना डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर एकामागून एक लिहून काढले. फ्रीबीएसडीच्या बाजूला बिल पॉल यांनी तसंच काम केलं. चिपची माहितीपत्रकं बऱ्याचदा मिळत. ती वाचून, कार्ड समोर ठेवून चिकाटीच्या माणसाला ड्रायव्हर लिहिता यायचा.

गाडं अडलं ते वायरलेसपाशी. २००३ साल या दृष्टीने निर्णायक ठरलं. मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो बाजारात आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायरलेस असणं हे गृहीतच धरलं जाऊ लागलं. जूनमध्ये सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाचं ८०२.११जी मानक मंजूर झालं. ब्रॉडकॉमच्या चिपा तर त्याआधीच, मानकाच्या मसुद्यावरून बनून लॅपटॉपांत बसू लागल्या होत्या. या नव्या चिपांची माहितीपत्रकं बाहेरच्या कुणाला मिळेनात. कारणं दोन सांगितली जात. रेडिओची वारंवारता आणि शक्ती आता सॉफ्टवेअर ठरवत होतं. सोर्स कोड खुला केला आणि कुणी ठरलेल्या पट्ट्याबाहेर प्रक्षेपण केलं तर अमेरिकेतल्या नियामकांपुढे कंपनीला उभं राहावं लागेल, ही भीती. दुसरं कारण स्पर्धकांचं. पहिल्या कारणात तथ्य होतं असं मला वाटतं, पण त्याची ढाल गरजेपेक्षा मोठी केली गेली. पुढे त्याच कंपन्यांनी तेच नियम पाळून खुले ड्रायव्हर दिले, यावरून ते दिसतंच.

त्यात आणखी एक छळ होता. खोक्यावर नाव तेच, मॉडेल क्रमांकही तोच, आणि आतली चिप मात्र निराळी. दुकानात विचारून काही कळत नसे. घरी आणून, खाचेत बसवून, यंत्रालाच त्याचा ओळख क्रमांक विचारावा लागे. १४ई४ आलं की ब्रॉडकॉम, हे त्या काळच्या लिनक्सवाल्यांना तोंडपाठ होतं.

अशा वेळी उपयोगी पडला तो एक जुना करारनामा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून एनडिस नावाचं एक तपशीलपत्र तयार केलं होतं. त्याआधी नेटवर्कच्या प्रत्येक पद्धतीसाठी प्रत्येक कार्डाचा निराळा ड्रायव्हर लागायचा. पाच पद्धती आणि वीस कार्डं असतील तर शंभर ड्रायव्हर. एनडिसने मधे एक टेबल मांडलं. कार्डवाल्यांनी टेबलाच्या या बाजूला यायचं, नेटवर्कवाल्यांनी त्या बाजूला, आणि टेबलावर कोणती वस्तू कोणत्या क्रमाने ठेवायची हे लेखी ठरलेलं. विंडोजमध्ये पुढे या टेबलाच्या कार्डाकडच्या बाजूला बसणाऱ्या ड्रायव्हरला मिनीपोर्ट हे नाव पडलं.

हा करार छापील होता, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जगभरच्या कार्ड बनवणाऱ्यांनी विंडोजसाठी ड्रायव्हर लिहावेत, ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची गरज होती. म्हणून प्रत्येक फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, हे सगळं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीच्या संचात नीट लिहून ठेवलं होतं. चिपची माहिती गुप्त आणि चिपच्या ड्रायव्हरला लागणारी माहिती उघड, अशी ती स्थिती. मग एखाद्याच्या मनात येणारच, की टेबलाची पलीकडची बाजू आपणच मांडली तर? ड्रायव्हरला पलीकडे विंडोज आहे की आणखी कुणी, हे कळायचं कारण काय?

२००३ च्या उत्तरार्धात हा विचार अनेकांच्या डोक्यात एकाच सुमारास आला. पाँटस फुक्स यांनी लिनक्ससाठी एनडिसरॅपर सुरू केलं. गिरिधर पेम्मसानी त्यात आले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी ते वाढवलं. लिनक्संट या कंपनीने ड्रायव्हरलोडर नावाने हीच गोष्ट विकायला काढली. आणि फ्रीबीएसडीसाठी ते काम केलं इतके ड्रायव्हर हाताने लिहिलेल्या बिल पॉल यांनीच. त्यांनी आपल्या कामाला 'प्रोजेक्ट ईव्हिल' असं नाव दिलं. ज्या माणसाने माहितीपत्रक वाचून ड्रायव्हर लिहिण्यात उमेदीची वर्षं घातली, त्याला बंद डबा चालवण्यासाठी झटावं लागत होतं. हे नाव वाचलं की मला त्यातला त्यांचा जीव तुटलेला ऐकू येतो.

नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ राजाच्या निष्प्राण देहात शिरतो आणि राणीला, दरबाराला, प्रजेला तो राजाच वाटत राहतो. परकायाप्रवेश हा शब्द मी या पुस्तकासाठी तिथून घेतला. फरक इतकाच, की तिथे शिरणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. इथे जो शिरतो, त्याला आपण दुसऱ्या देहात आलो आहोत याचा पत्ताच लागू द्यायचा नसतो.

त्यासाठी काय काय करावं लागतं, हा या पुस्तकाचा गाभा आहे. प्रकरणांत ते सविस्तर येईल. इथे वाट तेवढी दाखवतो.

सुरुवात फाईलच्या बांधणीपासून होते. विंडोजची एसवायएस फाईल पीई नावाच्या मांडणीत असते, लिनक्स वाचतं ती ईएलएफ. म्हणजे लिनक्सच्या कर्नलला ही फाईल उघडताच येत नाही. एनडिसरॅपरमध्ये म्हणून एक छोटा लोडर आहे. तो फाईल मेमरीत चढवतो, आणि फाईल ज्या पत्त्यावर बसेल असं बनवणाऱ्याने धरलं होतं तिथे जागा नसल्यामुळे आतले सगळे पत्ते एकेक करून दुरुस्त करतो. मग येते यादी. प्रत्येक ड्रायव्हर स्वतःबरोबर एक यादी आणतो, मला बाहेरून ही ही फंक्शनं लागतील अशी. कागदावरच्या करारानुसार त्या यादीत फक्त एनडिसची नावं असायला हवीत. प्रत्यक्षात कार्डवाल्यांनी सोयीसाठी विंडोजच्या मूळ कर्नलमधलीही भरपूर फंक्शनं वापरलेली असत. घड्याळ, कुलपं, मेमरी, अक्षरांची जुळवाजुळव करणारी साधी फंक्शनं, सगळं. यादीतल्या प्रत्येक नावापुढे लिनक्समध्ये लिहिलेलं त्याच नावाचं, तसंच वागणारं फंक्शन उभं करावं लागतं. एक जरी नाव राहिलं तरी ड्रायव्हर चढत नाही. नवं कार्ड आलं की यादीत नवं नाव यायचं, कुणीतरी कळवायचं, आणि पुढच्या आवृत्तीत ते फंक्शन लिहिलं जायचं. हा प्रकल्प असा नावानावाने वाढला.

नावं जुळली तरी बोलण्याची रीत जुळत नाही. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं तेव्हा सोबत काही किमती पाठवतं. त्या कुठे ठेवायच्या आणि काम झाल्यावर आवराआवर कुणी करायची, याचे नियम दोन्हीकडे निरनिराळे. ३२ बिटी विंडोजमध्ये किमती स्टॅकवर ठेवतात आणि ज्याला हाक मारली तो त्या उचलतो. हे तरी कंपायलरला सांगून भागवता यायचं. ६४ बिटी यंत्रांवर तेही जमेना. विंडोज पहिल्या चार किमती प्रोसेसरच्या चार रजिस्टरांत ठेवतं, लिनक्स पहिल्या सहा किमती सहा रजिस्टरांत आणि निराळ्या क्रमाने पाहतं. शिवाय विंडोजमध्ये हाक मारणाऱ्याने स्टॅकवर ३२ बाइटांची जागा मोकळी सोडायची असा दंडक आहे, लिनक्समध्ये तशी काही पद्धत नाही. म्हणून प्रत्येक फंक्शनच्या दारात असेम्ब्ली भाषेतला एक लहानसा दुभाषा बसवावा लागला. जाताना किमती एका हातातून दुसऱ्या हातात द्यायच्या आणि येताना पुन्हा होत्या तशा करायच्या, एवढंच त्याचं काम. सेकंदाला हजारो पॅकेटं जातात-येतात तेव्हा हा दुभाषा हजारो वेळा उठतो-बसतो.

स्टॅकची गोष्ट मला सगळ्यात हृद्य वाटते, कारण करारात न लिहिलेल्या सवयी किती खोल असतात ते तिच्यातून दिसतं. स्टॅक म्हणजे चालू कामाची चिटोरी ठेवायची जागा. ३२ बिटी विंडोजच्या कर्नलमध्ये ती १२ किलोबाइट असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही; तेवढी जागा नेहमीच मिळत आली, म्हणून तो सैल हाताने वापरतो. लिनक्समध्ये तेव्हा ती ८ किलोबाइट होती. २००४ मध्ये ती ४ वर आणण्याची सोय झाली आणि फेडोरा कोअर २ ने तोच पर्याय निवडला. मोठ्या सर्व्हरवर हजारो थ्रेड चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ती बचत रास्त होती. पण बारा पावलांच्या अंगणात वावरायची सवय असलेला पाहुणा चार पावलांच्या खोलीत आला. तो भिंतीवर आपटत नव्हता. भिंत ओलांडून शेजारच्याचं सामान तुडवत होता, आणि काही वेळाने संपूर्ण यंत्र गोठायचं. चूक कुठे झाली याचा मागमूसही नाही. बिल पॉल यांनी फ्रीबीएसडीवर यावर उपाय केला तो असा, की पाहुण्याची कामं मोठा स्टॅक दिलेल्या निराळ्या थ्रेडवर चालवायची. लिनक्सच्या बाजूला बरीच वर्षं 'स्टॅक वाढवून कर्नल पुन्हा बांधा' हाच सल्ला मिळत राहिला. कर्नल पुन्हा बांधणं म्हणजे त्या काळच्या आमच्या लॅपटॉपवर अख्खी दुपार.

असाच एक प्रसंग एफएस नावाच्या रजिस्टरचा. ३२ बिटी विंडोजच्या कर्नलमध्ये हा रजिस्टर नेहमी एका ठरावीक तक्त्याकडे बोट दाखवत असतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनवलेला काही कोड न विचारता तिथे जाऊन वाचतो-लिहितो. फ्रीबीएसडी तोच रजिस्टर स्वतःच्या वेगळ्या कामाला वापरतं. म्हणजे पाहुण्याने सवयीने ज्या कोनाड्यात हात घातला, तिथे यजमानाचे दागिने. बिल पॉल यांनी विंडोजच्या कोडमध्ये शिरताना दर वेळी तो रजिस्टर एका बनावट तक्त्याकडे वळवला आणि बाहेर पडताना पूर्ववत केला. करारात याबद्दल एक अक्षर नाही. हे शोधायला बंद डब्याच्या आतल्या हालचाली रात्र रात्र पाहाव्या लागतात.

बाकीच्या जुळण्या थोडक्यात. विंडोजचा प्रत्येक ड्रायव्हर आपल्या सेटिंगा रजिस्ट्रीत शोधतो. लिनक्सला रजिस्ट्री नाही, म्हणून आयएनएफ फाईल वाचून तशी माहिती तयार करून द्यायची. विंडोजची अक्षरं दोन बाइटांची, त्यांचं भाषांतर करायचं. कामांची निकड सांगणाऱ्या विंडोजच्या पायऱ्या लिनक्सच्या कुलपांवर बसवायच्या. पुढे यूएसबी कार्डं आली तेव्हा विंडोजची यूएसबीची सबंध रीतही उभी करावी लागली. हे सगळं जमल्यावर एक साधी आज्ञा कशी प्रवास करते ते पाहा. वापरणारा म्हणतो, आसपासची वायरलेस जाळी दाखव. लिनक्स ती विनंती एनडिसरॅपरला देतं. तो तिचा एनडिसच्या क्रमांकात तर्जुमा करून ड्रायव्हरपुढे ठेवतो. विंडोजनेच विचारलं अशा समजुतीने ड्रायव्हर चिपला कामाला लावतो आणि यादी देतो. ती उलट वाटेने परत येते, आणि पडद्यावर खालच्या मजल्यावरच्या राऊटरचं नाव उमटतं.

याच सुमारास, म्हणजे २००३ मध्येच, यान क्राटोचविल यांनी कॅप्टिव्ह नावाच्या प्रकल्पात हाच मार्ग डिस्कसाठी धरला होता. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्कवरच्या मांडणीचा विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवून तशा डिस्कवर लिहिता येईल असं त्यांनी केलं. नेटवर्क कार्डं हा माझा विषय, म्हणून त्याच्या तपशिलात मी जात नाही, पण या मार्गाने जाणारा माणूस एकटा नव्हता, हे सांगायला हवं.

आता वादाकडे येतो, आणि तो टाळून हा विषय सांगता येणार नाही. एनडिसरॅपरचा स्वतःचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. पण त्याचं काम काय, तर बंद कोड कर्नलमध्ये आणणं. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये त्याचं नाव लिहूनच तरतूद केली होती: हे मॉड्यूल चढलं की कर्नलवर डाग लागल्याची खूण करायची. त्या खुणेचा अर्थ, या यंत्रात काही बिघडलं तर आम्हाला विचारू नका, कारण आत असं काही आहे जे आम्ही वाचू शकत नाही. फक्त जीपीएल कोडलाच मिळतील अशी राखून ठेवलेली फंक्शनं एनडिसरॅपरला वापरू द्यावीत का, यावर २००८ मध्ये कर्नल लिहिणाऱ्यांत कडाक्याची चर्चा झाली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी तर हा रस्ताच नाकारला. त्यांचे प्रमुख थिओ डी राट यांचं म्हणणं स्पष्ट होतं: वाचता न येणारा कोड आम्ही घेणार नाही. तो सोयीचा असला तरी नाही, कारण त्यातली चूक दुरुस्त करता येत नाही आणि त्यातलं भोक दिसत नाही.

त्यांच्या आग्रहाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो नसता तर पुढे घडलं ते घडलं नसतं असंही वाटतं. बंद डब्यांची सोय झाली की कंपन्या म्हणणार, लिनक्सवाल्यांचं तर चाललंय ना, मग माहितीपत्रक कशाला द्यायचं. हा त्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. तरीही त्या पावसाळी रात्री आमच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या बाजूने मी बोलणार आहे. कार्ड विकत घेऊन झालं होतं. पैसे तिघांनी काढले होते, आणि दुसरं घ्यायला कुणाकडे नव्हते. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्या यंत्रावर चालावी, हा त्या माणसाचा हक्क इतर सगळ्या वादांच्या आधी येतो. एनडिसरॅपरने तो हक्क हजारो खोल्यांमधून त्या त्या माणसाच्या हातात दिला. आणि लिनक्स नेटाने वापरत राहिलेल्या त्याच माणसांपैकी काही जण पुढे खुले ड्रायव्हर तपासायला, चुका कळवायला, लिहायलाही बसले. दिवा लागलाच नसता तर ते विंडोजकडे परत गेले असते. मी गेलो असतो.

खुले ड्रायव्हर आले ते मात्र निराळ्या आणि फार खडतर वाटेने. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी काही जणांनी कामाची दोन गटांत वाटणी केली. एका गटाने बंद ड्रायव्हर उकलून वाचायचा आणि चिप कशी वागते याचं वर्णन साध्या भाषेत लिहायचं. दुसऱ्या गटाने बंद ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता, फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा. कुणी चोरीचा आरोप करू नये म्हणून मधली भिंत कसोशीने पाळली गेली. जून २००६ मध्ये, २.६.१७ आवृत्तीत, तो ड्रायव्हर लिनक्समध्ये दाखल झाला, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये त्याची सुधारलेली पिढी, बी४३, आली. तरीसुद्धा चिपच्या आत चढवायचं फर्मवेअर खुलं नव्हतं. ते बंद ड्रायव्हरच्या फाइलीतूनच एका छोट्या अवजाराने कापून काढावं लागे. त्या अवजाराचं नावच एफडब्ल्यूकटर.

इतरांनी लवकर शहाणपण दाखवलं. इंटेलने २००४ मध्येच सेंट्रिनोच्या कार्डासाठी खुल्या ड्रायव्हरचं काम सुरू केलं आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तो कर्नलमध्ये आला. रालिंकने सोर्स कोड देऊन टाकला. अथेरॉसच्या चिपांचं बंद कोडं ओपनबीएसडीच्या रायक फ्लोटर यांनी उलगडलं, आणि जुलै २००८ मध्ये कंपनीने स्वतःच नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर, एथ९के, प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. मी ती बातमी नोकरीच्या ठिकाणी वाचली, आणि त्या दोघा खोलीमित्रांना ताबडतोब फोन लावला.

दरम्यान विंडोजही बदललं होतं. व्हिस्टाबरोबर एनडिसची सहावी पिढी आली, तिचं टेबल नव्याने मांडलेलं. एनडिसरॅपर एक्सपीच्या ५.१ पाशी थांबलं. ६४ बिटी कर्नलला ६४ बिटीच ड्रायव्हर लागे, आणि एक्सपीच्या ६४ बिटी आवृत्तीसाठी कंपन्यांनी फारसे ड्रायव्हर बनवलेच नव्हते. एकीकडे जुन्या फाइली संपत चालल्या, दुसरीकडे त्यांची गरज संपत चालली. फ्रीबीएसडीने आपला एनडिसचा थर अखेर काढून टाकला.

परकायाप्रवेशाची विद्या मात्र संपलेली नाही, आणि हे पुस्तक आज लिहावंसं वाटलं ते त्यामुळे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की परका ड्रायव्हर त्याच्या मूळ ऑपरेटिंग सिस्टिमसकट एका आभासी यंत्रात ठेवला तर दुभाष्यांची गरजच राहत नाही. आज फ्रीबीएसडीवर काही जण वायरलेससाठी नेमकं हेच करतात: आत एक छोटं लिनक्स चालवायचं आणि कार्ड त्याच्या हवाली करायचं. हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम फ्रीबीएसडीचे नेटवर्क ड्रायव्हर एका जुळवणीच्या थरावर चालवते. आणि फ्रीबीएसडी स्वतः आता इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर चालवतं, लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर. वीस वर्षांपूर्वी जिथे विंडोजच्या फाइली पाहुण्या म्हणून यायच्या, तिथे आता लिनक्सचा सोर्स कोड येतो. तो वाचता येतो, हा फरक मोठा. पण स्टॅक, कुलपं, घड्याळ, न लिहिलेल्या सवयी, यांच्या जुळण्या त्याच आहेत, आणि त्या करणारी माणसं बिल पॉल आणि पाँटस फुक्स यांनी मळवलेल्या त्याच वाटांवरून चालत आहेत.

वाचकाने फार काही जाणून इथे यावं अशी माझी अपेक्षा नाही. सी भाषेची थोडी ओळख असेल तर बरं. असेम्ब्ली लागेल तिथे मी ओळीओळीने समजावली आहे. एक गोष्ट मात्र जरूर करा. घरात कुठेतरी जुन्या कार्डाची सीडी पडलेली असेल. नसेल तर जुन्या बाजारात दहा-वीस रुपयांत मिळेल. तिच्यातली एसवायएस फाईल काढा आणि ऑबजडंप हे अवजार चालवून ती बाहेरून कोणती फंक्शनं मागते ती यादी पडद्यावर आणा. शंभरएक नावं असतील. पहिलं प्रकरण त्या यादीतल्या पहिल्या नावापासून सुरू होतं.